सायकलचा भाग तुटून अपघात झाला तर… इंदूर परिसरातल्या सायकलस्वारांनी काय सांभाळावं, कुठे जावं

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि शहराबाहेर दक्षिणेला निघालं की रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. खंडव्याकडे जाताना सिमरोल आणि भेरूघाट लागतो, मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे येताना मानपूरचा उतार आणि पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट. पहाटे जानापाव किंवा पातालपाणीला जाऊन येणारे गिअरच्या सायकलवाले याच उतारांवरून जातात. दुधाचे कॅन लावून शहरात येणारे, कारखान्याच्या पाळीला जाणारे आणि शाळकरी मुलं मात्र शहरातल्याच रस्त्यांवर असतात. जळगाव, बुऱ्हाणपूर, धुळे भागातून शिक्षणाला किंवा नोकरीला इंदुरात राहणारी अनेक मराठी मुलंही रोज सायकल वापरतात.

अपघात झाला की सगळ्यांचं लक्ष माणसाकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण दोन-तीन दिवसांनी प्रश्न उभे राहतात. चिमटा तुटला म्हणून माणूस पडला, की पडल्यामुळे चिमटा तुटला? चूक गाडीवाल्याची, कंपनीची, मिस्त्रीची की रस्त्याची? खर्च कोण देणार? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा तुटलेल्या तुकड्यात असतात आणि तो तुकडा तोवर भंगारात गेलेला असतो. इंदुरात तर कचरागाडी रोज सकाळी दारात येते.

भाग अचानक तुटत नाही

सायकलचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा भाग एका झटक्यात तुटला असं वाटतं, पण बऱ्याचदा तो महिनोन् महिने तुटतच आलेला असतो. खड्ड्याचा प्रत्येक दणका, पायडलवरचा प्रत्येक जोर धातूला थोडा वाकवतो आणि सोडतो. कोपरा, भोक, ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तिथे बारीक चीर पडते आणि दर दणक्याला केसभर पुढे सरकते. शेवटी उरलेला धातू भार पेलू शकत नाही तेव्हा तुकडा पडतो. याला धातूचा थकवा म्हणतात.

पोलादाचा एक गुण असा की ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर तो जवळजवळ अमर्याद वेळा सहन करतो. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. ताण कमी असला तरी त्याचं आयुष्य मोजकंच असतं. म्हणून वीस-पंचवीस वर्षं जुनी काळी सायकल अजून धावताना दिसते, पण तितकंच जुनं हलकं ॲल्युमिनियम हँडल वापरणं शहाणपणाचं नाही. कार्बनचं वागणं तिसरंच. तो थकव्याला चांगला, पण बाजूने मार बसला तर आतले थर सुटतात आणि वरून रंग शाबूत दिसतो.

कुठला भाग काय इशारा देतो

*चिमटा आणि त्याची दांडी.* सगळ्यांत घातक बिघाड हाच, कारण पुढचं चाक गेलं की तोल सावरायला वेळच मिळत नाही. समोरून धडक बसलेल्या सायकलला हँडलखालच्या नळीच्या मागे, जिथे फ्रेमच्या दोन नळ्या जोडतात तिथे, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा दिसतो. तो दिसला की फ्रेम वाकलेली आहे. चिमटा ठोकून सरळ करून मिळतो, पण एकदा वाकून सरळ केलेला धातू पहिल्यासारखा राहत नाही.

*हँडल आणि स्टेम.* जुन्या पद्धतीच्या स्टेमवर किती आत बसवायचा याची खूण असते. उंची वाढवायला तो त्या खुणेच्या वर ओढला की थोड्या लांबीवर सगळा भार येतो. सीटच्या दांडीचंही तेच. नव्या सायकलींमध्ये स्टेमचे छोटे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात, नेमका आकडा भागावरच छापलेला असतो. अंदाजाने जोर लावून आवळलेला बोल्ट हँडलला चीर पाडू शकतो. हँडलवर पट्टी गुंडाळलेली असेल तर घाम आत मुरून ॲल्युमिनियम पोखरतं आणि बाहेरून काही कळत नाही. पट्टी बदलताना आतलं हँडल पुसून बघावं.

*ब्रेक.* केबल बहुधा लिव्हरच्या टोकाशी तुटते. तिथली एखादी तार सुटलेली दिसली की केबल बदलायची, उद्यावर टाकायची नाही. लोखंडी चमकदार रिमवर पावसात रबराची पकड फारच कमी होते, म्हणून दांडीब्रेकच्या काळ्या सायकलवर पावसाळ्यात अंतर बरंच जास्त ठेवावं लागतं. ॲल्युमिनियमची रिम ब्रेकने झिजत जाते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो पुसला गेला की रिम संपली. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. घाटात ब्रेक दाबत-सोडत उतरावं, मध्ये थांबावं.

*चाक.* एक स्पोक म्हणजे तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि काही दिवसांत दुसरी तुटते. चाक आऊट होतं आणि ब्रेकला घासायला लागतं. वारंवार एकाच बाजूच्या तारा तुटत असतील तर एकेक बदलण्यापेक्षा पूर्ण चाक नव्याने विणून घेणं स्वस्त पडतं. पुढच्या चाकाचा क्विक रिलीज नटासारखा फिरवून आवळायचा नसतो. लिव्हर उलटवून बंद करायची असते आणि ती बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे.

*क्रँक, पायडल, चेन.* काळ्या सायकलचा कॉटर ढिला झाला की पायडल मारताना खटका जाणवतो. तसंच चालवत राहिलं तर ऐन चढावर क्रँक फिरते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते चुकीच्या दिशेने जोर लावून बसवलं की क्रँकचे आटे जातात आणि काही दिवसांत पायडल निसटतं. चेनच्या १२ पूर्ण कड्या नवीन असताना १२ इंच भरतात. तेच माप पट्टीवर १/१६ इंचाने वाढलेलं दिसलं की चेन बदलायची वेळ झाली. उभं राहून पायडल मारताना चेन तुटली तर माणूस सरळ हँडलवरून पुढे जातो.

*कॅरिअर आणि मडगार्ड.* हे सायकल चालवणारे भाग नव्हेत म्हणून कोणी बघत नाही. पण मडगार्डची सुटलेली सळई पुढच्या चाकात गेली की चाक जागेवर थांबतं. ओढणी, साडीचा पदर, पिशवीचा बंद यांनीही तेच होतं. मागे बसवलेल्या लहान मुलाची टाच तारांमध्ये जाणं हा घराघरांत ऐकू येणारा अपघात. ती जखम पहिल्या दिवशी खरचटल्यासारखी दिसते, पण चिरडलेली कातडी दोन-चार दिवसांनी काळी पडू शकते. म्हणून हळद लावून घरी न ठेवता डॉक्टरांना दाखवावी.

मोठ्या कंपन्यांचेही भाग तुटतात

महागडा भाग तुटत नाही, असा समज आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिमानो कंपनीने अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या दर्जाच्या क्रँक तपासणीसाठी परत बोलावल्या. दोन अर्धे चिकटवून बनवलेल्या या क्रँकचा जोड सुटत होता. जून २०१२ ते जून २०१९ मधला हा माल. फक्त अमेरिका आणि कॅनडात सुमारे ७ लाख ६० हजार नग होते, जोड सुटल्याच्या ४,५१९ तक्रारी आल्या होत्या आणि ६ जण जखमी झाले होते. असे भाग जुन्या सायकलीबरोबर हात बदलत फिरत राहतात, म्हणून सेकंड हँड सायकल घेताना क्रँकच्या आतल्या बाजूचा क्रमांक बघून कंपनीच्या यादीशी ताडून पाहावा.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकलींची परतबोलावणी केली. पुढच्या चाकाची क्विक रिलीज लिव्हर उघडी राहिली तर ती डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होती. कळलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराला कायमचा पक्षाघात झाला. त्याच वर्षी आणखी १३ कंपन्यांनी याच कारणाने सुमारे १३ लाख सायकली परत बोलावल्या.

शर्यतीतल्या सायकलींचंही हेच. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकेच्या जॉर्ज हिंकॅपीच्या चिमट्याची दांडी तुटली आणि हँडल हातात आलं. त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या ॲलेक्स पोर्टरचं हँडल ट्रॅकवर तुटलं. पुढच्या चौकशीत तो भाग प्रत्यक्ष भाराच्या मानाने पुरेसा मजबूत ठरवून घेतला नव्हता, असं निघालं. पहिलं उदाहरण जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे: एकदा पडलेली सायकल दुसऱ्यांदा स्वाराला पाडू शकते.

तुटलेला तुकडा काय सांगतो

तुटलेल्या जागी नीट पाहिलं तर दोन वेगळे भाग दिसतात. थकव्याने चीर सरकत गेलेला भाग गुळगुळीत असतो, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसतात आणि लोखंड असेल तर बऱ्याचदा तिथे जुना गंज असतो. शेवटी एकदम तुटलेला भाग खरखरीत, ताजा आणि चमकणारा असतो. गुळगुळीत भाग मोठा असेल तर चीर अपघाताच्या आधीपासून होती. सगळाच भाग ताजा, खरखरीत आणि वाकून फाटलेला असेल तर धडकेच्या जोराने तुटला असण्याची शक्यता जास्त.

हा फरक पैशाचा आहे. धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील "सायकलच मोडकी होती" असं म्हणू शकतो आणि स्वाराचीही चूक धरली गेली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. उलट, गाडी नव्हतीच आणि नवा चिमटा जुन्या चिरेने तुटला, तर जबाबदारी बनवणाऱ्याकडे जाते. दोन्ही बाबतीत पुरावा तोच तुकडा. म्हणून:

- तुटलेली दोन्ही टोकं एकमेकांवर जुळवून बघू नयेत. त्याने खुणा घासल्या जातात.
- पुसू नये, धुऊ नये, तेल लावू नये. कोरड्या कागदात वेगवेगळं गुंडाळून, तारीख लिहून ठेवावं.
- उरलेली सायकल आहे तशी ठेवावी. दुकानात दुरुस्तीला टाकली की जुना भाग बदलून जातो.
- सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. फ्रेम क्रमांकाचाही फोटो घ्यावा; तो बहुधा पायडलच्या धुरीखाली कोरलेला असतो.
- बिल, वॉरंटी कार्ड, शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती शोधून एकत्र ठेवावी.

पोलिसांनी सायकल जप्त केली तर जप्तीच्या कागदावर तुटलेल्या भागाचा वेगळा उल्लेख करून घ्यावा. नुसतं "एक सायकल, क्षतिग्रस्त" एवढं पुरेसं नाही.

पहिला तास

पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवू नये. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा तो बेशुद्ध असेल तर मान हलवायची नाही आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो, पोलिसांसह सगळ्या मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने सरळ दाब द्यावा.

सायकलच्या अपघातात तीन दुखापती हमखास नजरेतून सुटतात. पहिली डोक्याची. माणूस उठतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी बिघडतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटके, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव यांतलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. दुसरी पोटाची. हँडलचं टोक पोटात घुसलं तर वर एक गोल वळ उठतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा असू शकते. मुलांमध्ये हे जास्त दिसतं. तिसरी मनगटाची. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही. अशा वेळी १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात.

मदत करणाऱ्यांना पोलिसांच्या फेऱ्यांची भीती असते. मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये घातलेलं कलम १३४-अ अशा माणसाला संरक्षण देतं. जखमीला रुग्णालयात सोडून तो जाऊ शकतो, नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. आणि "आधी पोलीस, मग उपचार" असं रुग्णालय म्हणू शकत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे.

धडक मोटार वाहनाची असेल तर २०२५ च्या मे महिन्यात लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवस, कमाल दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. जखमी माणूस कुठल्या राज्याचा आहे हे बघितलं जात नाही, पण अपघाताची पोलिसांकडून ऑनलाइन पुष्टी लागते. आयुष्मान कार्डही दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयात चालतं, त्यामुळे जळगावचं कार्ड इंदुरात निरुपयोगी आहे असं समजू नये.

कागद: इंदूरची हिंदी आणि आपली मराठी

रुग्णालयात रस्ते अपघात म्हणून नोंद होते तिला एमएलसी म्हणतात. एमवाय रुग्णालय असो की खासगी, हा क्रमांक लिहून घ्यावा. "किरकोळ आहे, एमएलसी कशाला" असं म्हणून अनेक जण ती टाळतात आणि पुढे दाव्यात पहिला प्रश्न तिचाच येतो. डॉक्टरांना घटना सांगताना नेमकं सांगावं. केसपेपरवर "सायकलवरून पडला" एवढंच लिहिलं गेलं आणि नंतर "कारने मागून धडक दिली" असं म्हटलं, तर ही विसंगती शेवटपर्यंत त्रास देते.

इंदूरचे पोलीस कागद हिंदीत असतात आणि शब्द महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहेत. जागेवर किंवा रुग्णालयात लिहून घेतलेली पहिली फिर्याद म्हणजे "देहाती नालसी". तपास अधिकारी म्हणजे "विवेचक". घटनास्थळाचा नकाशा "नजरी नक्शा", जप्त वस्तू परत घेण्याची प्रक्रिया "सुपुर्दगी", न्यायालयात जाणारं दोषारोपपत्र "चालान". मृत्यू झाला तर महाराष्ट्रात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, तिथे "मर्ग कायम" झाला म्हणतात. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा. विशेषतः "कारवाई नहीं चाहते" अशा आशयाच्या कागदावर जागेवरच हजार-दोन हजार घेऊन सही करू नये. आत काय दुखावलंय हे तोवर कोणालाच माहीत नसतं.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता नोंद घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे इंदूरजवळ अपघात होऊन उपचाराला बुऱ्हाणपूर किंवा जळगावला आणलेल्या माणसाचे नातेवाईक तिथेही तक्रार देऊ शकतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बेदरकार वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, दुखापतीसाठी १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यूसाठी १०६ लागतं. दाव्यासाठीचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला का, याची चौकशी करावी.

भरपाई कोणाकडे मागायची

*गाडी सापडली असेल.* दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. सीमेपलीकडच्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की कलम १६६ नुसार हा दावा अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा काम करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. म्हणजे इंदुरात अपघात झाला तरी मुक्ताईनगरच्या माणसाला तारखांसाठी इंदूरला खेटे घालावे लागत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात जाता येतं. मुदत अपघातापासून ६ महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात; मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. ज्याची कमाई बुडाली आहे किंवा कायमचं अपंगत्व आलं आहे त्याने वकिलाला विचारल्याशिवाय हा पर्याय घेऊ नये.

*गाडी पळून गेली असेल.* हिट अँड रनमध्ये मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. यासाठी अर्ज मात्र अपघात झाला त्याच भागातल्या एसडीएम किंवा तहसीलदारांकडे करावा लागतो, घराजवळ नाही. हाड मोडणं किंवा दात तुटणं, तसंच १५ दिवस रोजचं काम करता न येणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून रस्त्यावरच्या दुकानांत पहिल्या दिवशीच विचारावं आणि पोलिसांना लेखी कळवावं.

*भाग सदोष असेल.* २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाची तरतूद आहे. बनावटीतला दोष, रचनेतला दोष किंवा वापराच्या पुरेशा सूचना न देणं यासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं, चुकीची जुळणी करणाऱ्या दुकानालाही. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत २ वर्षं, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दोष नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखा नसेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेत पाठवतो. भागच नसेल तर पाठवणार काय? त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. कंपनी "भाग पाठवा, तपासून सांगतो" म्हणाली तर फोटो काढून, लेखी पोच घेऊनच द्यावा. शक्यतो आयोगाच्या आदेशाशिवाय हातचा सोडू नये.

*खड्डा किंवा उघडं चेंबर असेल.* इथे राज्य बदललं की नियम बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रासाठी खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. ती रक्कम इंदूरच्या रस्त्यावर आपोआप लागू होत नाही. तिथे महापालिका किंवा रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याविरुद्ध स्वतंत्र दाद मागावी लागते. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढावा.

*कोणाचीच चूक नसेल.* नुसती चेन तुटून माणूस पडला तर मोटार कायद्यातलं काहीच मिळत नाही. अशा वेळी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उपयोगी पडते. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. हप्ता बँक खात्यातून दरवर्षी कापला जातो का हे पासबुकात बघावं. अनेकांनी एकदा फॉर्म भरलेला असतो आणि खात्यात पैसे नसल्याने विमा बंद पडलेला असतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाखालील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे.

तीच सायकल पुन्हा चालवायची असेल

पुराव्याचं काम संपलं की दुरुस्ती. जोरात पडलेलं ॲल्युमिनियम हँडल आणि स्टेम दिसायला चांगलं असलं तरी बदलावं. कार्बनच्या भागावर नाण्याने टकटक करून बघतात. आवाज एका जागी बद्द आला तर आतला थर सुटलेला असू शकतो. पण आवाज सगळीकडे सारखा आला म्हणजे भाग नक्की चांगला, असं मात्र नाही. हेल्मेट एकाच धडकेसाठी असतं. आतला फोम एकदा दबला की तो परत फुगत नाही, म्हणून डोकं आपटलं असेल तर हेल्मेट गेलं.

समोरून धडक बसलेल्या सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल एका रेषेत आहेत का, हात सोडल्यावर सायकल एका बाजूला ओढते का, हे रिकाम्या गल्लीत हळू चालवून बघावं. मिस्त्री म्हणाला "अरे भिया, चलेगी अभी", तरी चिमट्याला जोडकाम म्हणजे वेल्डिंग करून घेऊ नये. काळ्या सायकलचा नवा चिमटा हाड जोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं

१. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. लिव्हर हँडलला टेकता कामा नये.
२. पुढचं चाक उचलून वरून हाताने ठोका द्यावा. चाक हललं तर नट किंवा क्विक रिलीज ढिला.
३. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. खटखट आली तर हँडलचे छर्रे किंवा वायसर बघून घ्यावेत.
४. चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघावं. फिरलं तर स्टेम ढिला.
५. चाक फिरवून तारांवरून बोट न्यावं, एखादी ढिली तार लगेच कळते.
६. मडगार्डच्या सळया आणि कॅरिअरचे बोल्ट हाताने हलवून बघावेत.
७. पहाटे किंवा संध्याकाळी जाणार असाल तर मागचा लाल दिवा. संगणकाच्या पेंटियम चिपच्या रचनेत मोठा वाटा असलेले अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईत सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेत गेले. ते नियमित सायकल चालवणारे होते. मागून येणारी गाडी आपल्या हातात नसते, मागचा दिवा आणि पुढचे ब्रेक आपल्या हातात असतात.

आणि एवढं करूनही काही तुटलंच, तर माणूस रुग्णालयात पोहोचल्यावर घरच्या एकाने परत जाऊन सायकल आणि तिचे तुकडे उचलून आणावेत. रस्त्याच्या कडेला पडलेलं भंगार संध्याकाळपर्यंत तिथे राहत नाही.